गालफडातलं गुपित

कवळी करून घेणाऱ्या बाईला कोणी नटवी म्हणत नाही. दात पडले, कवळी केली, झालं. जेवायला नको का? बघणारे असं म्हणतात आणि कवळी करून घेणारीसुद्धा तेच म्हणते. मालवणात दातांचा दवाखाना चालवून केस पिकवल्यावर मला मात्र पक्कं ठाऊक आहे, की चावणं हे कवळीचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं चेहऱ्याचं. त्या अर्ध्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे पेशंटने आणि मी न बोलता ठरवलेलं असतं.

कवळी एका फेरीत होत नाही. आधी माप. मग त्या मापावर गुलाबी मेणाची जाडसर पट्टी बसवून ती तोंडात घालून बघायची. हे मेणाचं काम मला सगळ्यात आवडतं. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची, पट्टीच्या पुढच्या अंगाला थोडं मेण चढवायचं, परत तोंडात घालायचं, परत बघायचं. आत दुमडलेला वरचा ओठ हळूहळू बाहेर येतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली घडी फिकी होते. मेण जास्त झालं तर बाई रागावल्यासारखी दिसायला लागते, मग खरवडायचं. 'म' म्हणताना ओठ ओढाताण न होता मिटले पाहिजेत. तेवढं जमलं की मी आरसा देते.

देवबागच्या एक आजी होत्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेलेला, तोंडाचं पार बोळकं झालेलं. सून जबरदस्तीने घेऊन आली होती. मेणाची पट्टी तोंडात, आरसा हातात, आजी गप्प. मग एकदम म्हणाल्या, "अगो बाय माझे, ह्या तर माझ्या लग्नातला तोंड!" आणि पुढच्याच क्षणी सुनेकडे बघून, चोरी पकडली गेल्यासारखा आवाज खाली आणून, "जेवक बरा पडात."

ते "जेवक बरा पडात" मी असंख्य तोंडांतून ऐकलंय.

गाल फारच बसलेले असतील तर कवळीला बाहेरच्या अंगाने मुद्दाम फुगवटा देता येतो. आमच्या पुस्तकांत त्याला चीक प्लंपर असं सरळ नाव आहे. म्हणजे गाल भरण्याचा उद्योग दंतवैद्यक कितीतरी आधीपासून आतल्या बाजूने करत आलंय. पुढे त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन बाहेरून सुईने भराव, म्हणजे फिलर, टोचून तेच करायला लागले, तेव्हा मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते लोकांच्या तोंडचं बदललेलं बोलणं ऐकून. कवळीवाली बिचारी आणि फिलरवाली चवचाल, हे कोणी ठरवलं?

गाल बसतात का, हे आधी सांगते. दात काढला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, मग सावकाश, पण थांबत काही नाही. वरचा जबडा आत सरकतो, खालचा पुढे आल्यासारखा दिसतो आणि नाक-हनुवटी एकमेकांच्या भेटीला निघतात. दात शाबूत असलेल्यांचीही सुटका नाही. वयाबरोबर डोळ्याची खोबण रुंदावते, गालाच्या मधल्या भागातलं हाड मागे सरतं. हाडावर चरबी असते, पण ती सगळ्या चेहऱ्यावर पसरलेली एकच गादी नाही. रोरिक आणि पेसा या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 2007 साली हे दाखवलं. त्यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग सोडला, तर तो सगळीकडे पसरेना, एकेका कप्प्यात अडकून राहिला. हे कप्पे वेगवेगळ्या वेगाने आटतात, काही खाली घसरतात. खांब खचले की मांडवाचं कापड लोंबतं. कापड कितीही ताणून बांधलं तरी खांबांचं काय? सुरकुती ही त्वचेची गोष्ट वाटते खरी, पण पन्नाशीनंतर तिचं मूळ बऱ्याचदा त्वचेच्या खाली सापडतं.

त्वचेचा स्वतःचा हिशोब वेगळा, आणि किनाऱ्यावर तो उन्हाच्या नावावर लिहावा लागतो. अतिनील किरणांतले लांब तरंगलांबीचे किरण त्वचेत खोल जाऊन तिचा ताणा सैल करतात. काच त्यांना बऱ्यापैकी जाऊ देते. 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता, वय 69. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवून त्याचा खिडकीकडचा डावा गाल जाड, सुरकुतलेला, आणि उजवा त्या मानाने तरुण. एकाच माणसाचे दोन चेहरे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. तेव्हापासून एसटीचा ड्रायव्हर खुर्चीत बसला की दाताआधी माझं लक्ष त्याच्या उजव्या गालाकडे जातं. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढायला, उभं राहणाऱ्यांना दोन्हीकडून सारखंच ऊन. त्यांचे चेहरे निदान एकसारखे म्हातारे होतात.

दशावतारातले एक स्त्रीपार्टी माझ्याकडे यायचे. वयाने पन्नाशीपार, पण रात्री दहीकाल्याला उभे राहिले की द्रौपदी. बाजूच्या दाढा गेल्यामुळे गाल आत गेले होते आणि दिव्याखाली त्या खड्ड्यात काळी सावली पडायची. रंग कितीही थापला तरी जात नाही म्हणाले. "मॅडम, द्रौपदीची गालफडां बसलेली बरी दिसनत नाय." हे ते भरलेल्या वेटिंग रूममध्ये मोठ्याने म्हणाले होते. कोणी हसलं नाही. चेहरा हे त्यांचं भांडवल, त्याची डागडुजी करायला हवी, हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला पटलेलं होतं. त्याच बाकावर बसलेली एखादी बाई आपल्या गालाबद्दल असं बोलली असती तर? बोलली नसतीच म्हणा.

फिलरचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर आधी खूप फसवाफसवी आहे. 1899 मध्ये व्हिएन्नाच्या गेरसुनी नावाच्या सर्जनने शरीरात पॅराफिन टोचून भराव घालायला सुरुवात केली. काही वर्षं त्याची चलती झाली. मग ते मेण जागा सोडून सरकायला लागलं, गाठी झाल्या, जखमा चिघळल्या. 1981 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, गाईच्या कातड्यापासून केलेल्या कोलॅजेनला परवानगी दिली. ते आधी हाताच्या कातडीत थोडं टोचून ॲलर्जी येते का ते बघावं लागायचं, आणि सगळी खटपट करून ते टिकायचं काही महिनेच. 2003 च्या डिसेंबरात रेस्टिलेनला, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलला, तिथे परवानगी मिळाली. युरोपात ते आधीच आलं होतं. आज फिलर म्हटलं की बहुतेक वेळा हेच असतं.

ॲसिड म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. ही एक लांबलचक साखर आहे. 1934 साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ती गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळी काढली. आपल्या सांध्यांत, डोळ्यांत, त्वचेत ती असतेच. सत्तर किलोच्या माणसात साधारण पंधरा ग्रॅम, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नवा तयार होतो. पाणी धरून ठेवणं हा तिचा गुण. पूर्वी ती कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. कोंबडी-वड्यांच्या मुलखात जो तुरा आपण टाकून देतो, त्यातून. आता जिवाणूंकडून टाक्यांमध्ये करून घेतात. आहे तशी टोचली तर शरीर तिला दोन-चार दिवसांत खाऊन टाकेल. म्हणून तिचे धागे रसायनाने एकमेकांत गुंतवतात, मग ते जेल सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. गालाच्या हाडावर ठेवायला घट्ट, ओठाला मऊ. एका सिरिंजमध्ये एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशानं काय होतं, असं वाटतं. योग्य जागी खूप होतं, जसं माझ्या मेणाने होतं.

लोक सगळ्यालाच बोटॉक्स म्हणतात. बोटॉक्स स्नायू सैल करतं, कपाळाच्या आठ्यांसाठी ते. फिलर जागा भरतं. पुढे जाऊ.

'सहा महिन्यांत विरघळून जातं, मग पुन्हा भरायचं' हे ऐकायला छान वाटतं. एमआरआय काढून बघणाऱ्यांना मात्र काही जणांच्या गालात ते कित्येक वर्षांनीही दिसलंय. आधीचं थोडं शिल्लक, त्यावर नवीन, त्यावर आणखी. टीव्हीवर काही चेहरे उशी भरल्यासारखे दिसतात त्याचं एक कारण हेच असावं. प्रत्येक घडी भरायची हा अट्टाहास मला कळत नाही. हसताना गालावर घडी पडणार नाही तर कुठे पडणार? पण हे माझं मत झालं, आणि माझा चेहरा माझा, दुसरीचा तिचा.

आता एका वयनींविषयी. त्यांचं गाव सांगत नाही. किनाऱ्यावर त्यांचा होमस्टे आहे. पाच खोल्या, स्वतः रांधतात, स्वतः वाढतात. आता पाहुणे नुसते जेवत नाहीत, रांधणारीचे व्हिडिओ काढतात. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं राहिलं बाजूला, वयनींना त्या व्हिडिओत स्वतःची गालफडं दिसली. मधल्या काळात मधुमेह निघून त्यांचं वजनही भराभर उतरलं होतं. वजन पोटाचं उतरावं अशी आपली इच्छा असते, पण आधी उतरतं ते तोंडाचं.

वरच्या दाढेचं रूट कॅनल अर्ध्यावर होतं, म्हणून त्या आल्या. मे महिन्याच्या घामात तोंडाला मास्क. मास्क काढला तर ओठाच्या कोपऱ्याशी पिवळट-हिरवा डाग, पावडर लावून झाकलेला. पडलात का, विचारलं. नाही. कोणी मारलं का, हेही विचारलं, कारण आमच्या धंद्यात ते विचारावं लागतं. त्या हसल्या आणि मग रडल्या. "कोणाक सांगू नकात हां."

मुंबईला भाचीच्या डोहाळजेवणाला म्हणून गेल्या होत्या. डोहाळजेवण खरंच होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्वचारोगतज्ज्ञाकडे दोन सिरिंज, रात्री कोकणकन्या, सकाळी कुडाळ, आणि घरी पोचल्यावर थेट न्याहारीची तयारी. ठिकाण त्यांनी बरं निवडलं होतं. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरातून त्यांनी मला घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्यावर कुठे किती भरलं त्याचं चित्र, आणि खाली नखाएवढा स्टिकर, सिरिंजच्या खोक्यावरचा. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत. हा स्टिकर देणारा डॉक्टर निम्मा तरी भरवशाचा असतो. खोकं समोर न फोडणारा, स्टिकर न देणारा, सिरिंज आधीच भरून आणणारा असेल, तर पाठ फिरवून निघावं.

मी त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. फिलर ताजं असताना दातांचं काम साधारण दोन आठवडे तरी टाळतात. तोंडातले जिवाणू रक्तात उतरतात, आणि शरीरात नवीन काहीतरी ठेवलेलं असेल तर त्यांना तिथे ठाण मांडायला आवडतं. त्यात मी गाल ओढणार, दाबणार. मास्कच्या आड डाग झाकून त्यांनी "काय नाय, मच्छर चावलो" म्हटलं असतं आणि दिव्याचा प्रकाश थोडा कमी असता, तर मी बिनदिक्कत काम सुरू केलं असतं. वयनींना कोणी हे सांगितलं नव्हतं का? कागदावर छापलेलं होतं. पण दाताचा डॉक्टर गावातला, आणि गावातल्या कोणाला सांगायचं नाही हे घरून निघतानाच ठरलेलं.

मग मी त्यांना ते सांगितलं जे कागदावर त्याहून बारीक अक्षरात असतं. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. मुख्य धमनी जबड्याच्या कडेवरून वर चढते, ओठाच्या कोपऱ्याजवळून नागमोडी नाकाच्या बाजूला जाते आणि तिथे तिच्या फांद्या डोळ्याला रक्त देणाऱ्या धमनीच्या फांद्यांना मिळतात. सुईचं टोक चुकून धमनीत गेलं आणि जेल आत शिरलं, तर पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. जागा आधी पांढरी पडते, मग जाळीदार जांभळट. दुखायला लागतं, नेहमीपेक्षा जास्त. दखल घेतली नाही तर कातडी काळी पडून मरते. आणि जेल उलट्या दिशेने रेटलं गेलं तर डोळ्याकडे जातं. नजर तिथल्या तिथे, काही मिनिटांत जाऊ शकते, आणि दृष्टिपटलाला रक्तावाचून तासाभराच्या वर फारसा धीर धरवत नाही. हे क्वचित घडतं. भुवयांच्या मध्ये आणि नाकावर धोका सगळ्यात जास्त. कातडीचं दुखणं मात्र कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येतं. म्हणजे कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर, किंवा रात्री पाहुण्यांची ताटं उचलताना.

यावर उतारा आहे, आणि गंमत अशी की तो माझ्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये असतो. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम, छोट्या बाटलीत पांढरी पूड. हायल्युरॉनिक ॲसिड मोडणं हेच त्याचं काम. आम्ही दातवाले ते गुटख्याने तोंड आखडलेल्या पोरांच्या गालात टोचतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी माझ्या खुर्चीत दोन बोटंही आत जाऊ नयेत अशी तोंडं घेऊन विशी-पंचविशीतली मुलं येऊन बसतात. मोतीबिंदूवाले डोळ्याभोवती भूल देताना तेच औषध वापरतात. एकाचा गाल सैल करायला आणि दुसरीचा भरलेला गाल रिकामा करायला तीच बाटली. धमनी तुंबली तर मात्र त्याचे मोठे डोस लागतात, पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि द्यायचे कुठे ते शिकलेल्यानेच द्यायचे. शिवाय ते चालतं फक्त हायल्युरॉनिक ॲसिडवर. कॅल्शियमचे किंवा कायमचे म्हणून विकले जाणारे फिलर त्याने विरघळत नाहीत. कायमचं हा शब्द ऐकायला गोड वाटतो, म्हणून सांगितलं.

वयनी हे सगळं ऐकत होत्या. मला वाटलं घाबरतील. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "रातचा काय झाला तर मी कोणाक सांगू? घराकडे कोणाक म्हायत नाय."

त्या प्रश्नावर माझं डोकं बराच काळ अडकलंय. आमच्याकडे मोठं दुखणं आलं की गाडी बांबोळीला जाते, गोवा मेडिकल कॉलेजला. ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, पण लोकांच्या जिभेवर बांबोळीच आहे. मालवणहून तिथे पोचायला अडीच-तीन तास. तिथवर नेणाऱ्याला काय झालंय हेच माहीत नसेल तर? बाईला एका डोळ्याने दिसेनासं झालं म्हटल्यावर कोणीही आधी रक्तदाब बघेल, साखर बघेल, पक्षाघात तर नाही ना म्हणून डोक्याचा स्कॅन काढेल. योग्यच आहे ते. 'दुपारी गालात फिलर घेतलं' एवढं एक वाक्य कोणी बोललं तर तपासाची दिशा बदलते. ते वाक्य बोलायला घरात एक तरी माणूस लागतो, ज्याला ते माहीत आहे आणि ज्याला ते बोलायची लाज वाटणार नाही. मुंबईत क्लिनिक हाकेच्या अंतरावर असतं, म्हणून तिथे गुपित स्वस्तात पडतं. इथे मध्ये घाट, खाड्या आणि महामार्गाचं अर्धवट काम.

आणि लाजही कसली, तर म्हातारं दिसायचं नाही याची. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा बैलवाला टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक कापलं. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका मराठी माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ते वाचून युरोपातले सर्जन शिकले. नाकाशिवाय कावसजीला श्वास घेता येत होता, वासही येत असावा. त्याला नाक हवं होतं ते चारचौघांत बसायला. त्याला कोणी नटवा म्हटल्याची नोंद नाही. आजचा जीएसटी कायदाही त्याच्या बाजूने उभा राहिला असता. अपघाताने, जखमेने किंवा जन्मतः गेलेलं परत घडवलं तर ती आरोग्यसेवा, करमुक्त. वयाने गेलेलं भरलं तर सौंदर्य, त्यावर कर.

हे सगळं गुपित वाईटच असं मी म्हणत नाही. एचआयव्हीची सुरुवातीची काही औषधं गालातली चरबी आटवत. आजार काबूत, पण गाल असे खोल जात की रस्त्यात लोक ओळखत. अमेरिकेत 2004 साली स्कल्प्ट्रा नावाच्या फिलरला परवानगी मिळाली ती याच लोकांसाठी. तिथे भरलेला गाल म्हणजे लोकांच्या नजरेआड राहण्याचा हक्क होता. जगाला काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी जगाबद्दल बोलतच नाहीये, घरातल्या एका माणसाबद्दल आणि समोरच्या डॉक्टरबद्दल बोलतेय.

गुपिताचा खरा फायदा होतो तो भलत्यांना. राजरोस चौकशी करता येत नाही म्हणून बाई मैत्रिणीच्या मैत्रिणीला विचारते, आणि ती पार्लरचं नाव सुचवते. सुई नको असेल तर दाबाने जेल कातडीत घुसवणारं पेन मिळतं, ऑनलाइनसुद्धा. एफडीएने 2021 मध्ये या बिनसुईच्या यंत्रांपासून लांब राहा म्हणून जाहीर सांगितलं, पण ते मालवणच्या बाजारात कोण वाचतो. बिनसुईचं म्हणजे बिनधोक, असा समज. माझ्या फोनवर दर महिन्याला जाहिराती येतात, दातांच्या डॉक्टरांसाठी फिलरचा कोर्स, दोन दिवसांत सर्टिफिकेट, शनिवार-रविवार, जेवणासह. ओठाच्या कोपऱ्याजवळची धमनी मला झोपेतही सापडेल, पण तिच्या दुसऱ्या टोकाला डोळा आहे आणि डोळ्याचं मला काही कळत नाही. जाहिरात आली की मी पुसून टाकते.

वयनींचं पुढे काही बिघडलं नाही. डाग गेला, दाढ पूर्ण झाली, गाल बरे दिसतात. खरंच बरे, कोणाच्या लक्षात येऊ नये इतके. नंतर त्यांचे यजमान दात साफ करून घ्यायला आले. खुर्चीत मागे रेलले, मी दिवा ओढला, तेवढ्यात हळूच म्हणाले, "मॅडम, तेच्यात काय धोको नाय मां?" कशात, मी विचारलं. खातं दोघांचं एकत्र, पैसे वळते झाल्याचा मेसेज त्यांच्याच मोबाइलवर आला होता, क्लिनिकच्या नावासकट. ते गप्प राहिले, कारण तिला कळू द्यायचं नसेल तर आपण कशाला विचारा. ही गप्प, तो गप्प. मी त्यांना तिच्यादेखत समजावायचं कबूल केलं आणि पुढच्या वेळी दोघांना बरोबर बसवून पांढरा डाग, जाळी, दुखणं, नजर, सगळं परत सांगितलं. क्लिनिकचा रात्रीचा नंबर यजमानांच्या फोनमध्ये टाकला. वयनी सगळा वेळ त्या मेसेजवरूनच त्यांच्यावर चिडून होत्या.

त्यानंतर मी केसपेपर नवीन छापून घेतला. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, याच्या खाली एक ओळ वाढवली: चेहऱ्यावर फिलर किंवा इतर इंजेक्शन घेतले आहे का, केव्हा. माझी असिस्टंट ही ओळ वाचून दाखवताना सुरुवातीला लाजायची, आता गोळ्यांसारखीच विचारते. बहुतेक लोक नाही म्हणतात, काही खिदळतात. परवा आचऱ्याच्या एका काकींनी पेन खाली ठेवून विचारलं, "ह्या काय असता?" मी सांगितलं. दुखतं का, कितके दिवस टिकतं, कितके पैशे घेतत, सगळं तपशिलात विचारून झालं. एका सिरिंजची किंमत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तितक्या पैशात माझ्या घरावरचे सगळे नळे परतून होतले!" वेटिंग रूममधले सगळे हसले. काकींनी 'नाही'वर खूण केली, कागद परत दिला, खुर्चीत येऊन बसल्या, आणि मी आरसा तोंडात घालायच्या आत त्यांनी विचारलं,

"दोनय गाल करूक लागतत काय?"

दोन्ही, मी म्हटलं. आ करा.